‘मारलं’नंतरचा दीड सेकंद

द्राक्षबागेतल्या फवारणीच्या नोंदी ठेवणारं एक छोटं अ‍ॅप आम्ही चौघं मिळून नाशिकमध्ये बनवतो. त्यात बोलून नोंद करायची सोय घालायची ठरली तेव्हा मी टीमला तीन आठवडे सांगितले होते. दोन हंगाम लागले. त्या दोन हंगामांत काय काय झालं ते इथे लिहिते आहे, कारण मराठीत असं काही करू पाहणाऱ्या कोणाला तरी ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आधी नोंदीचं सांगते. निफाड तालुक्यात माझ्या काकांची, म्हणजे नानांची, साडेचार एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे साडेतीन-चार महिने घरात फवारणीशिवाय दुसरा विषय नसतो. डाऊनी, भुरी, करपा हे रोग, थ्रिप्स, मिलीबग या किडी. मध्येच पाऊस झाला तर एका दिवसात दोनदा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचा फवारणी पंप, फिरतो. माल युरोपला जायचा असेल तर प्लॉटची नोंदणी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर करावी लागते आणि कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती प्रमाणात मारलं याचा हिशोब दाखवावा लागतो. कोणती औषधं चालतात आणि काढणीच्या किती दिवस आधी ती बंद करायची याची यादी पुण्याजवळचं मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. आमच्या भागात तिला ‘अनेक्श्चर-5’ म्हणूनच ओळखतात. 2010 साली सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अवशेष सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या ओसरी-ओसरीवर एकच बोलणं होतं. नोंद ही कागद भरण्याची गोष्ट नाही, हे मला तेव्हापासून पक्कं माहीत आहे.

आणि तरीही आमच्या अ‍ॅपमधला फॉर्म कोणी रोज भरत नव्हतं. त्यात अकरा रकाने होते. प्लॉट, जात, छाटणीनंतरचा दिवस, औषधाचं तांत्रिक नाव, व्यापारी नाव, प्रति लिटर प्रमाण, एकूण पाणी, कारण, वेळ, फवारणारा, शेरा. तपासणी जवळ आली की लोक एका बैठकीत महिनाभराचं भरून काढत. नानांची खरी नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर असायची. तारखेच्या चौकटीत, पेनाने, ‘एम45, खाली’, म्हणजे खालच्या प्लॉटला एम45 हे औषध. एवढंच. त्या चार अक्षरांवरून त्यांना अख्खा दिवस आठवायचा.

बोलून नोंद करायची कल्पना तिथूनच निघाली. फवारणी करून आलेल्या माणसाचे हात ओले असतात, हातमोज्यात असतात, चष्मा खिशात असतो. संध्याकाळी जेवून झाल्यावर मराठी टाइप करायचं त्राण कोणाला उरत नाही.

पहिला प्रयत्न सोपा होता. गुगलने 2017 सालीच मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करायची सोय दिली होती, फोनच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह तयारच होतं. आम्ही प्रत्येक रकान्याशेजारी तसंच चिन्ह ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी ते घेऊन गावी गेले. नानांनी पहिला माईक दाबला, ‘खालचा प्लॉट’ म्हणाले. दुसरा दाबला, ‘थॉमसन’ म्हणाले. तिसऱ्याला फोन माझ्या हातात दिला.

“अगं, मी एकदाच सगळं सांगतो ना. तू घे लिहून.”

त्यांना अपेक्षित होतं ते हे होतं. ऐकणाऱ्याने सगळं ऐकायचं आणि कुठे काय लिहायचं ते आपलं आपण बघायचं. आम्ही त्यांना बोलायला लावलं होतं, पण फॉर्मच्या भाषेत. कोणीही माणूस अकरा तुकड्यांत बोलत नाही.

मग मी वेगळं काम हाती घेतलं. द्राक्ष पट्ट्यात जवळपास प्रत्येक बागायतदाराचा एक सल्लागार असतो आणि त्याला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘व्हॉईस टाकायची’ सवय लोकांना आधीपासून आहे. मी निफाड आणि दिंडोरीतल्या नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना विचारलं, सल्लागाराला सांगता तसं मला सांगाल का? रेकॉर्डिंगचं काय करणार हे समजावून, त्यांची हरकत नाही हे विचारून घेतलं. कोणाच्या मागे उधारीचं बोलणं चालू होतं, कोणाच्या मागे भांडण. ते तुकडे मी काढून टाकले. डिसेंबरचा एक अख्खा आठवडा कानाला हेडफोन लावून मी तेवढंच ऐकत होते. आयुष्यभर ज्या बोलण्यात वाढले, ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

पहिली गोष्ट, ‘प्रति लिटर’ असं कोणीच म्हणत नाही. लोक म्हणतात, “दोनशेला चारशे टाकलं.” दोनशे लिटर पाण्याला चारशे ग्रॅम. ब्लोअरची टाकी सहाशेची असेल तर “सहाशेला बाराशे”. लिटर, ग्रॅम, मिली हे शब्द उच्चारलेच जात नाहीत. पावडर असेल तर ग्रॅम, पातळ असेल तर मिली, हे दोघांनाही ठाऊक असतं. आमच्या फॉर्मने मात्र भागाकार माणसावर टाकला होता. बॅरलच्या हिशोबात विचार करणाऱ्याला आम्ही रोज संध्याकाळी 400 भागिले 200 करायला लावत होतो. बोलायची सोय जोडायच्या आधी नोंदीची रचना बदलावी लागणार हे तिथे कळलं. आता अ‍ॅपमध्ये ‘पाणी’ आणि ‘औषध’ असे दोन आकडे जसेच्या तसे साठतात, भागाकार मशीन करतं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ती मला फार आवडली. औषध वेलीवर ‘मारतात’, ड्रीपमधून ‘सोडतात’, घड जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लात, ‘बुडवतात’ नाहीतर ‘डिपिंग करतात’. “झिरो बावन्न चौतीस पाच किलो सोडलं” म्हटलं की ते खत ठिबकमधून गेलं. “झिरो बावन्न चौतीस मारलं” म्हटलं की पानांवर. आमच्या फॉर्ममध्ये ‘देण्याची पद्धत’ असा वेगळा रकाना टाकायचा का यावर आमचं महिनाभर बोलणं चाललं होतं. मराठीने तो रकाना क्रियापदात आधीच भरून ठेवला होता.

तिसरी, खतांची नावं. एकोणीस एकोणीस एकोणीस, बारा एकसष्ट, तेरा शून्य पंचेचाळीस, झिरो झिरो पन्नास. ही नावंच आकड्यांची. ऐकलेल्या आकड्यांना अंकांत लिहिण्याची खोड या यंत्रणांना असते, त्यामुळे 191919 असा फोन नंबरासारखा आकडा उमटायचा. बावन्न चौतीसचं 52:34 होऊन ते घड्याळासारखं दिसायचं. आणि ‘एम पंचेचाळीस’! मॅन्कोझेब या बुरशीनाशकाला सगळे तेच म्हणतात. आता “पंचेचाळीस दिवसांच्या प्लॉटला एम पंचेचाळीस दोनशेला चारशे पंचेचाळीस” असं एक वाक्य खरोखर आलं होतं, आणि ते बोलणाऱ्याला त्यात काही अवघड आहे असं वाटलंही नाही.

आपल्या आकड्यांबद्दल थोडं इथेच सांगते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी मांडणी आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मीही विरोधातच होते. हे काम केल्यावर मुलांची अडचण मला कळली. एक ते शंभरमधला जवळपास प्रत्येक शब्द आपल्याकडे वेगळा पाठ करावा लागतो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांतला फरक शेवटच्या एका तुकड्यात असतो आणि वाऱ्यात नेमका तोच तुकडा उडतो. वर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. पाऊणशे म्हणजे 75 हे आमच्या टीममधल्या दोघांना माहीत नव्हतं. एका आजोबांनी ‘पावशेर’ म्हटलं तेव्हा मी आईला फोन करून खात्री केली. ‘वीस सात’ने मशीनचं काम सोपं झालं असतं, पण बांधावर कोणी तसं बोलत नाही, आणि मशीनला बांधावर यायचं असेल तर बांधावरचे आकडे शिकले पाहिजेत. आम्ही त्या सगळ्यांचा तक्ता हाताने बनवला. शंभरपर्यंतच्या प्रत्येक संख्येचे दोन-तीन उच्चार, वर पाव-अर्धा-पाऊण-सव्वा-दीड-अडीचची रूपं.

‘परवा’चंही तसंच. होऊन गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोन्ही परवाच. कोणता ते क्रियापद सांगतं. ‘परवा मारलं’, ‘परवा मारू’. आधी तारीख ओळखायची आणि मग बाकीचं, असा आमचा क्रम होता. तो उलटा करावा लागला. आणि क्रियापद हातात आलं म्हणून सुटलो असंही नाही. नाशिककडच्या बोलीत “काल खालच्याला मारेल हाये” म्हणतात, त्याचा अर्थ मारलेलं आहे, काम झालेलं आहे. बोललेलं लिहून काढणाऱ्या, प्रमाण मराठीवर शिकलेल्या मॉडेलला ‘मारेल’ म्हणजे भविष्यकाळ. एकाच शब्दाने झालेली फवारणी पुढे ढकलली जायची. माझी आजी आयुष्यभर असंच बोलली, मला ते कधी वेगळं वाटलंच नव्हतं. टाइप झालेलं वाक्य पडद्यावर पाहिलं तेव्हा कळलं की ही बोली मशीनला कोणी ऐकवलेलीच नाही.

आवाजाचं मजकुरात रूपांतर करणारी मॉडेलं निवडणं हा खरं तर तुलनेने सोपा भाग होता. दहा वर्षांपूर्वी चार जणांच्या टीमला हे शक्यच झालं नसतं. 2022 च्या सप्टेंबरात ओपनएआयने 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकवलेलं व्हिस्पर सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी भारतीय भाषांसाठीचं केंद्र सरकारचं भाषिणी सुरू झालं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने 22 भारतीय भाषांसाठी मॉडेलं आणि लोकांच्या सहज बोलण्याचे रेकॉर्डिंग उपलब्ध करून दिले. हे सगळं लोकांनी खुलं ठेवलं म्हणून आमच्यासारख्यांच्या हाती आलं, याची जाणीव मला कायम आहे. आम्ही तीन वेगवेगळी मॉडेलं आमच्याच रेकॉर्डिंगवर तपासली आणि एक निवडलं. औषधांच्या नावांसाठी उच्चारावरून जुळवणारी यादी स्वतः केली. हेक्झाकोनॅझोल, टेट्राकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही नावं शेपटाला सारखी असतात. जुळणी डोक्याकडून करायची, शेपटाकडून नाही, हा नियम तेव्हा झाला. दोन नावं जवळ-जवळ आली तर अंदाज करायचा नाही, विचारायचं.

पहिल्या हंगामात चाळीसेक घरांत हे अ‍ॅप गेलं. माईकचं बटण एकदा दाबायचं, बोलायचं. तुम्ही थांबलात की अ‍ॅप समजून घेणार. लोकांना आवडलं. नाना रोज बोलायला लागले. कालनिर्णयवरची पेनाची अक्षरं कमी झाली, आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

नोव्हेंबरात पाऊस आला. अवकाळी, तीन दिवसांचा. शुक्रवारी संध्याकाळी नाना शेडमध्ये ट्रॅक्टरजवळ उभे राहून बोलले. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे, मी ते कितीदा ऐकलं असेन ते सांगता येणार नाही. “खालच्या प्लॉटला एम पंचेचाळीस मारलं” आणि मग पत्र्यावर पावसाचा आवाज. तिथेच रेकॉर्डिंग संपतं.

अ‍ॅपने नोंद केली: शुक्रवार, खालचा प्लॉट, मॅन्कोझेब, फवारणी झाली.

नानांनी म्हटलेलं पूर्ण वाक्य होतं, “खालच्या प्लॉटला एम पंचेचाळीस मारलं... नाही, पाऊस आला.”

बोलणारा थांबला हे ओळखायला अशी यंत्रणा शांतता मोजते. आम्ही 800 मिलिसेकंद ठेवले होते. कोणत्या तरी मार्गदर्शिकेत तेवढे सुचवले होते आणि शहरात बसून तपासताना ते बरोबर वाटले होते. नानांनी ‘मारलं’ म्हटलं, पावसाकडे पाहिलं, आणि साधारण दीड सेकंदाने ‘नाही’ म्हटलं. तोवर माईक बंद झाला होता.

नोंद माझ्या चुलत भावाने नाशिकहून पाहिली, सल्लागारानेही पाहिली. खालच्या प्लॉटला संरक्षण आहे असं धरून दोघांनी सोमवारपर्यंत वरच्या प्लॉटकडे लक्ष दिलं. मॅन्कोझेब हे रोग येण्याआधी पानावर असायला हवं. रोग आत शिरल्यावर त्याचा उपयोग नाही. मंगळवारी मी गावी गेले. नानांनी मला काही न बोलता खालच्या प्लॉटमध्ये नेलं आणि एक पान तोडून हातात दिलं. वरून पिवळट, तेल सांडल्यासारखे डाग. मी पान उलटलं. त्या डागांच्या बरोबर खाली डाऊनीची पांढरी बुरशी होती, कापसाच्या पातळ थरासारखी. बोट लावलं तर बोटाला लागली. ओढ्याकडच्या चार ओळींतल्या कोवळ्या घडांपर्यंत ती गेली होती.

नाना मला रागावले नाहीत. “मी नाही म्हणालो होतो बरं का,” एवढंच म्हणाले. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्या रात्री मी ओसरीवर बसून आमची सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली, या वेळी फक्त वाक्यांचे शेवट. आपल्या भाषेत नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. मारलं नाही. सोडलं नाही. झालं नाही अजून. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. तिथे वाक्य लवकर तुटलं तर ते अर्धवट राहतं आणि अर्धवट आहे हे दिसतं. मराठीत ‘नाही’च्या आधी तुटलेलं वाक्य पूर्ण असतं, व्याकरणाने शुद्ध असतं, आणि नेमकं उलटं असतं. शिवाय त्या ‘नाही’च्या आधी लोक थांबतात. कारण आठवायला, आभाळाकडे बघायला, किंवा जे झालं नाही ते सांगायचा संकोच म्हणून. ते थांबणं बोलण्याचाच भाग आहे.

हेही लक्षात आलं की आमची तपासणीची पद्धतच चुकीची होती. शंभर शब्दांत किती चुकले हे आम्ही मोजत होतो. त्या मापात ‘आणि’ गळलं तरी एक चूक, ‘नाही’ गळलं तरी एकच चूक. आमच्या कामात या दोन चुका एका मापाच्या नाहीत. त्यानंतर आम्ही फक्त नकाराच्या वाक्यांचा वेगळा संच केला. नाही, न्हाई, नाय, नव्हतं, राहिलं, ऱ्हायलं, जमलं नाही, ‘मारायचं होतं पण’. अ‍ॅपची कोणतीही नवी आवृत्ती आधी त्या संचातून जाते. त्यात एक जरी वाक्य उलटं लागलं तर आवृत्ती बाहेर जात नाही, बाकी आकडे कितीही चांगले असोत. हा नियम मी टीमकडून लिहून घेतला आहे.

थांबण्याचा काळ वाढवून बघितला. दोन सेकंद केले तर बरेचसे ‘नाही’ सापडायचे, पण वारा नि ट्रॅक्टर असला तर शांतता कधी होतच नसे आणि माईक चालूच राहायचा. उपाय काकूंनी दाखवला, म्हणजे त्यांनी काही सुचवलं नाही, त्या फक्त त्यांच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉईस पाठवत होत्या. अंगठा बटणावर दाबून धरलेला. बोलता बोलता त्या थांबल्या, चुलीवरचं दूध खाली उतरवलं, परत बोलल्या, मग अंगठा उचलला. थांबलं कधी, संपलं कधी, हे त्यांनीच ठरवलं. कोणत्याही मशीनने अंदाज करायची गरज नव्हती. दाबून धरा, बोला, सोडा. ही पद्धत गावात प्रत्येकाला येत होती, मीही रोज वापरत होते, आणि तरी माझ्या डोक्यात ‘हुशार’ अ‍ॅप म्हणजे माणूस थांबला हे स्वतः ओळखणारं अ‍ॅप असंच होतं. दुसऱ्या हंगामापासून आमचं बटण तसंच आहे, मोठं, हातमोज्यातल्या अंगठ्यालाही सापडेल एवढं. हातमोज्याने पडदा चालत नाही त्यांच्यासाठी आवाज वाढवायची कळ दाबून धरली तरी चालते.

दुसरा धडा मजकुरातून नोंद काढणाऱ्या टप्प्यावर मिळाला. इथे आम्ही एक मोठं भाषा मॉडेल वापरतो. बोललेल्या वाक्यातून प्लॉट, औषध, पाणी, प्रमाण वेगळं करायला. एकदा एका दिंडोरीच्या बागायतदाराने प्रमाण सांगितलंच नव्हतं, तरी नोंदीत दोन ग्रॅम प्रति लिटर आलं. मॉडेलला मॅन्कोझेबचं नेहमीचं प्रमाण माहीत होतं, त्याने ते भरून टाकलं. आकडा योग्य होता. आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटली, कारण तो कोणाच्या नजरेला खटकला नसता. तपासणीसाठी दाखवायच्या नोंदीत माणसाने न सांगितलेली गोष्ट आली तर ती नोंद राहत नाही. आता प्रत्येक भरलेल्या रकान्याला वाक्यातला एक शब्द दाखवावा लागतो, शब्द नसेल तर रकाना रिकामा राहतो आणि अ‍ॅप विचारतं, “पाणी किती, औषध किती?”

मग वाचून दाखवणं. माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि पहिल्या वर्षी आम्ही तो ‘नंतर करू’ म्हणून ठेवला होता. दुकानदार यादी घेताना परत म्हणून दाखवतो, तसं. सुरुवातीला आमच्या आवाजाने म्हटलं, “कृपया आपली नोंद सत्यापित करा.” नानांनी माझ्याकडे पाहिलं. सत्यापित! तो शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेला नाही. मी सगळी वाक्यं पुन्हा लिहिली, मोठ्याने म्हणून बघत, काकूंना ऐकवत. आता अ‍ॅप आधी निकाल सांगतं, मग तपशील: “फवारणी झाली नाही. खालचा प्लॉट. एम पंचेचाळीस. शुक्रवार संध्याकाळ. बरोबर आहे का?” झाली की नाही हे पहिल्याच शब्दांत. वाक्याच्या शेवटी ठेवलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष तोवर सुटतं, हे नानांकडे बघून कळलं. ते ‘एम पंचेचाळीस’ ऐकलं की फोन खिशात टाकायला लागायचे.

‘बरोबर आहे का’ला उत्तरही बोलूनच घ्यायचं असा माझा हट्ट होता. तो मी सोडला. हं, हां, हूं, अंहं, हो ना, बरं. माणूस चेहऱ्यावरून नि सुरावरून हे ओळखतो. मशीनसाठी ‘हं’ आणि ‘अंहं’ यांत अर्ध्या श्वासाचा फरक आहे, आणि एकाचा अर्थ होकार, दुसऱ्याचा नकार. म्हणून तिथे दोन बटणं आहेत, एक हिरवं, एक लाल, अर्धा-अर्धा पडदा व्यापणारी. जिथे बोलणं सोयीचं तिथे बोलणं, जिथे बोट खात्रीचं तिथे बोट.

नेटवर्कचं थोडक्यात. बागेत रेंज येते-जाते. दहा सेकंदांचं कच्चं रेकॉर्डिंग सुमारे 320 केबीचं होतं, ते दाबून 30 केबीवर आणलं की कमकुवत रेंजमध्येही जातं. नाहीच गेलं तर फोनमध्ये थांबतं आणि घरी आल्यावर जातं. फक्त तेव्हा वाचून दाखवणं उशिरा होतं, आणि उशिरा विचारलेलं माणसाला आठवत नाही. फोनमध्येच चालणारं लहान मॉडेल बसवायचं काम सध्या चालू आहे. ‘मारेल हाये’ अजून दहा वेळांत एखाद्या वेळी चुकतं. त्यासाठी आम्ही आजी-आजोबांचे आवाज जमवतो आहोत, त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच ओसरीवर बसून.

या हंगामातली एक नोंद मी परवा ऐकली. नानांची. मागे वाऱ्याचा आवाज आहे, लांबवर कुठेतरी दुसऱ्या कोणाचा ब्लोअर. “वरच्या प्लॉटला झिरो बावन्न चौतीस सोडलं. पाच किलो. खालच्याला भुरीचं औषध काढलं होतं, दोनशेला दोनशे, मारलं...” आणि मग काही नाही. नुसता वारा. मी पडद्यावर सेकंद मोजत होते, एक, दोन, तीन, जवळजवळ चार. अंगठा बटणावरच होता.

“...नाही. वारं लई सुटलंय. उद्या सकाळी बघू.”